दरजा भरण्याआधी : गडांवर श्रमदान करणाऱ्यांना खुलं पत्र

सह्याद्रीतल्या गडांवर राबणाऱ्या सगळ्या मंडळांना, प्रतिष्ठानांना, आणि रविवारी पहाटेची एसटी धरून एकटेच वर जाणाऱ्यांनाही,

जय शिवराय.

मी मूळचा कोल्हापूरचा. सध्या नोकरीनिमित्त पोलंडमध्ये, ग्दान्स्कला असतो. जुलै २०२५ मध्ये आपल्याकडचे अकरा किल्ले आणि तमिळनाडूतली जिंजी असे बारा गड जागतिक वारसा यादीत गेले, त्या रात्री मी इथे एकट्यानेच शिरा करून खाल्ला. तेव्हापासून मित्रांकडून फोटो येत असतात. आज या बुरुजावरची झाडं काढली, आज त्या टाक्यातला गाळ उपसला. बघून बरं वाटतं. पण मध्यंतरी एका फोटोत एका दरवाज्याची भिंत दिसली. काळ्या दगडांच्या मधोमध पांढुरक्या सिमेंटच्या रेघा, थापीने छान सपाट केलेल्या. खाली लिहिलं होतं, 'गडाला नवं रूप'. त्या रात्री झोप लागली नाही, कारण असंच नवं रूप मी स्वतः एका भिंतीला देऊन बसलोय.

कॉलेजात असतानाची गोष्ट. गडाचं नाव सांगत नाही, मंडळाचंही नाही. दरवाज्याशेजारच्या तटाच्या दरजा, म्हणजे दगडांच्या सांध्यांतल्या फटी, उघड्या पडल्या होत्या, चुना झडला होता, बोट घातलं तर आत जायचं. आम्ही पंधरा पोरांनी चार पोती सिमेंट डोक्यावरून वर चढवलं आणि दोन दिवसांत भिंत चकचकीत केली. परवानगी वगैरे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तिसऱ्या पावसाळ्यानंतर भिंतीला पोट आलं. आतली भर चुन्या-मातीची होती, वरून पाणी मुरत होतं आणि बाहेर पडायच्या सगळ्या वाटा आम्ही बंद केल्या होत्या. पाचव्या पावसाळ्यात ती कोसळली. नंतर एक जाणकार गृहस्थ आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, काम करण्याआधीचे फोटो आहेत का? आमच्याकडे दोनशे फोटो होते. सगळ्यांत आम्हीच होतो, हातात भगवा घेतलेले. भिंत एकाही फोटोत नीट दिसत नव्हती.

आता तुम्हाला एका विटांच्या किल्ल्याबद्दल सांगायचंय. दगडांत वाढलेल्या माणसांना विटेचं काय कौतुक, असं वाटेल. थोडा धीर धरा.

ग्दान्स्कहून आगगाडीने पाऊण तासाच्या आसपास माल्बोर्क येतं. स्टेशनाच्या जरा आधी गाडी नोगात नदीवरच्या पुलावर चढते आणि खिडकीत एकदम लाल रंग भरतो. भिंती लाल, बुरूज लाल, छपरांची कौलं लाल. सुमारे २१ हेक्टर, म्हणजे ५२ एकरांवर पसरलेला हा किल्ला क्षेत्रफळाने जगातला सर्वांत मोठा कॅसल मानला जातो. तो बांधला ट्यूटॉनिक नाइट्स या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाने. अर्धे साधू, अर्धे शिपाई अशी ही माणसं. १२७०च्या दशकात काम सुरू झालं, १२८०मध्ये त्यांचा मठ इथे आला आणि १३०९मध्ये संघाच्या ग्रँड मास्टरने व्हेनिसहून आपली गादीच इथे हलवली. मग किल्ला वाढत गेला. आपल्याकडे बालेकिल्ला आणि माच्या असतात तसे याचे तीन भाग आहेत : उंच किल्ला, मधला किल्ला आणि खालचं आवार. फक्त इथे डोंगर नाही. सपाट गाळाच्या मुलखातलं नदीकाठचं टेकाड, बस्स.

डोंगर नाही म्हणून दगडाची खाणही नाही. हिमनद्यांनी पूर्वी कधीतरी आणून टाकलेले ग्रॅनाइटचे धोंडे तेवढे शेतातून मिळायचे, ते पायात गेले. बाकी सगळी माती. शरद ऋतूत खणायची, हिवाळाभर बर्फात उघडी टाकायची म्हणजे गोठून-फुटून भुसभुशीत होते, वसंतात तुडवायची, लाकडी साच्यात थापायची, वाळवून भट्टीत लावायची. साच्यावर आलेली जास्तीची माती वीटवाला हाताच्या बोटांनी ओढून काढायचा. त्यामुळे विटेच्या एका अंगावर बोटांच्या समांतर चऱ्या राहायच्या. पोलिशमध्ये अशा विटेला नावच 'बोटांची वीट' आहे. वीट भिंतीत बसली की ही बाजू सहसा झाकली जाते, पण पडक्या जागी, तुटक्या कडेला ती दिसते. पहिल्यांदा गेलो तेव्हा एका तुटलेल्या कडेशी मी माझी चार बोटं त्या चऱ्यांवर ठेवली. त्या माणसाचा हात माझ्यापेक्षा लहान असावा, एक बोट बाहेर राहिलं. रखवालदार बाई माझ्याकडे बघत होत्या. मी हात काढून घेतला.

भट्टीत फार भाजून काळपट, काचेसारखी झालेली वीट आपल्याकडे खंगर म्हणून टाकून देतात किंवा पायात घालतात. इथे त्यांनी ती मुद्दाम निवडून भिंतीच्या दर्शनी भागात चौकटीच्या नक्षीसाठी वापरली. लाल भिंतीवर काळे शंकरपाळे. मला या किल्ल्यातली सगळ्यांत आवडणारी गोष्ट हीच. तळघरात भट्टी पेटवून वर रचलेले धोंडे तापवायचे, आग विझली की फरशीतल्या भोकांची झाकणं उघडायची आणि गरम हवा दिवाणखान्यात सोडायची, अशी सोयही होती. उणे दहा तापमानात घरी रेडिएटरला पाठ लावून बसलो की मला त्या झाकणांची आठवण होते.

लढायांचं मी थोडक्यात उरकतो, कारण त्या तुम्हाला माझ्याहून चांगल्या सांगता येतील. १५ जुलै १४१० रोजी ग्रुनवाल्डच्या रणात पोलंड-लिथुआनियाच्या फौजेने नाइट्सचा धुव्वा उडवला, खुद्द ग्रँड मास्टर पडला. विजयी फौज माल्बोर्कवर चालून आली, पण हाइनरिख फॉन प्लाउएन हा नाइट्सचा सरदार आधीच किल्ल्यात शिरून बसला होता. दोन महिने वेढा घातला, किल्ला पडला नाही. उन्हाळी भोजनशाळेचं सगळं छत ग्रॅनाइटच्या एकाच खांबावर तोललेलं आहे. त्या खांबावर नेम धरून तोफेचा दगडी गोळा डागला आणि तो जरासा चुकला, असं सांगतात. भिंतीत बसवलेला गोळा दाखवतातही. आपल्याकडे अशा गोष्टी ऐकत वाढल्यामुळे मी फक्त मान डोलावली.

जे तोफांना जमलं नाही, ते थकलेल्या पगाराने झालं. पुढच्या एका युद्धात नाइट्सनी भाडोत्री सैनिकांना पैशांऐवजी किल्ले तारण दिले. पैसे काही मिळेनात, तेव्हा त्या सैनिकांनी माल्बोर्क सरळ पोलंडच्या राजाला विकून टाकला. जून १४५७ मध्ये राजा कासिमिर आत आला. तिथून १७७२पर्यंत, तीनशे पंधरा वर्षं, हा पोलिश राजांचा किल्ला. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१७७२मध्ये पोलंडची पहिली फाळणी झाली आणि किल्ला प्रशिया या जर्मन राज्याकडे गेला. खरी नासधूस इथून सुरू होते, आणि तीही शांततेच्या काळात, कागदोपत्री मंजुरी घेऊन. बराक झाली, महालात विणकरांचे माग लागले. डेव्हिड गिली नावाचे सरकारी वास्तुतज्ज्ञ १७९४मध्ये पाहणीला आले, वास्तूचा काही उपयोग होतो की पाडूनच टाकावी हे ठरवायला. सोबत त्यांचा मुलगा फ्रीडरिश होता. बाप मोजमापं घेत होता तेव्हा मुलगा चित्रं काढत बसला. पुढल्या वर्षी ती चित्रं बर्लिनला प्रदर्शनात लागली आणि लोकांना पहिल्यांदा कळलं की आपल्याकडे असं काही आहे. तरीही १८०१पासून उंच किल्ल्याचं धान्याच्या कोठारात रूपांतर सुरू झालंच. पाचशे वर्षं उभी असलेली कमानदार छतं फोडून काढली, मजले पाडले, खिडक्या सरकारी मापाच्या केल्या.

तेव्हा एका विद्यार्थ्याने पत्र लिहिलं. मॅक्स फॉन शेंकेनडोर्फ त्याचं नाव, वय एकोणीस. ऑगस्ट १८०३मध्ये बर्लिनच्या एका वर्तमानपत्रात ते छापून आलं. मथळ्याचा अर्थ साधारण असा, 'प्रशियातल्या विध्वंसाच्या हव्यासाचं एक उदाहरण'. सरकारी नोकरांची त्यात चांगलीच हजेरी घेतलेली होती. पत्र गाजलं, वरपर्यंत गेलं, आणि १८०४मध्ये राजाने पाडापाडी थांबवायचा हुकूम काढला. आज मी हे खुलं पत्र लिहायला बसलो त्यामागे तो पोरगाही आहे, हे कबूल करतो.

पाडणं थांबलं की सगळं सुरळीत होतं असं मला पूर्वी वाटायचं. तसं नसतं. १८१७पासून जीर्णोद्धार सुरू झाला तो उत्साही मंडळींच्या हातून. देशभरातून देणग्या आल्या, मोठमोठे वास्तुविशारद आले, आणि मध्ययुग कसं दिसायला हवं याची प्रत्येकाच्या मनात एक कल्पना होती. तशा खिडक्या घातल्या, तशी नक्षी केली. मूळ काय होतं हे तपासायची फारशी गरज कुणाला वाटली नाही, कारण भावना खरी होती. या माणसांचा मला राग येत नाही. ती मला फार ओळखीची वाटतात.

१८८२मध्ये कॉनराड श्टाइनब्रेश्ट हा वास्तुविशारद आला आणि १९२२पर्यंत, चाळीस वर्षं, त्याने दुसरं काही केलं नाही. आधी खणलं. ढिगाऱ्यातले कोरीव तुकडे वेचून काढले. इथे जे नष्ट झालं होतं ते संघाच्या दुसऱ्या किल्ल्यांत शिल्लक असेल म्हणून तो ते किल्ले हिंडला, मोजले, रेखाटले. नवी वीट जुन्या मापाची बनवून घेतली. आणि प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवली, नकाशे, फोटो, रेखाटनं. त्याच्या मागून बेर्नहार्ड श्मिडने १९४५पर्यंत तेच चालू ठेवलं. श्टाइनब्रेश्टची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. त्याला नाइट्सचा किल्ला हवा होता, म्हणून मधल्या तीनशे पंधरा वर्षांत पोलिश काळाने घातलेली बरीचशी भर त्याने काढून टाकली. छपरांचे, मनोऱ्यांचे काही आकार त्याच्या अंदाजाचे आहेत. आणि त्याचा मोठा आश्रयदाता होता कैसर विल्हेल्म दुसरा, ज्याने १९०२मध्ये याच किल्ल्यात, नाइट्सच्या पोशाखातली माणसं भोवती उभी करून, पोलिश लोकांविरुद्ध आग ओकणारं भाषण केलं. पुढे नाझींनी इथे पोरांचे मेळावे भरवले. जीर्णोद्धार झालेली वास्तू कुणाच्या तरी हातात जाते, आणि तो तिच्या तोंडून आपल्याला हवं ते बोलवून घेतो.

१९४५च्या जानेवारीत सोव्हिएत फौज आली. जर्मन सैन्य किल्ल्यात दडून बसलं आणि मार्चपर्यंत लढलं. तोफा पूर्वेकडून चालल्या होत्या, त्यामुळे पूर्वेची बाजू, सेंट मेरीचं चर्च आणि मुख्य मनोरा, यांचा चुराडा झाला. साधारण निम्मा किल्ला गेला. तेव्हाचे फोटो बघवत नाहीत. (त्याच महिन्यांत आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, राहत होती, १९४३ ते १९४८. इथे कुणी गाव विचारलं की मी कोल्हापूर न म्हणता वळिवडे म्हणून बघतो. कधी कधी चेहरा बदलतो.)

आता विचार करा. युद्धानंतर हा ढिगारा पोलंडच्या पदरात पडला. ज्यांच्याशी शतकानुशतकं वैर, त्या नाइट्सचा किल्ला. नुकत्याच झालेल्या संहारानंतर जर्मन म्हणून जे जे काही, त्याचा संताप ताजा. वॉर्सा जवळजवळ पूर्ण जमीनदोस्त, राहायला घरं नाहीत, विटांचा तुटवडा. हा ढीग उपसून न्या, असं कुणी म्हटलं असतं तर त्याला दोष देता आला नसता. किल्ल्याशेजारचं जुनं गाव पुन्हा उभं राहिलंच नाही. त्या जागी साध्या चाळवजा इमारती आल्या, त्या आजही आहेत, बाल्कनीत कपडे वाळत असतात. पण किल्ला त्यांनी ठेवला. १९५९मध्ये मधल्या किल्ल्याच्या छपरांना आग लागली, तिने लोकांना हलवलं, आणि १९६१मध्ये तिथे संग्रहालय स्थापन करून काम नीट हाती घेतलं. ते काम शक्य कशामुळे झालं? श्टाइनब्रेश्ट आणि श्मिडच्या नोंदींमुळे. जर्मन माणसांनी जर्मन अभिमानापोटी काढलेली ती रेखाटनं पोलिश गवंड्यांच्या कामी आली. १९९७मध्ये माल्बोर्क जागतिक वारसा यादीत गेला तो जुना आणि भव्य आहे एवढ्यावरच नव्हे. संवर्धनाचं शास्त्र कसं घडत गेलं हे या भिंतींत वाचता येतं, हेही तिथे मोजलं गेलं. दुरुस्ती हाच वारशाचा भाग झाला, कारण ती लपवलेली नाही आणि तिची वही आहे.

चर्चचं काम मात्र त्यांनी दशकानुदशकं केलं नाही. छत घातलं, पाणी थांबवलं आणि वाट पाहिली. पैसा नव्हता हे खरं, पण काय करायचं यावर एकमत नव्हतं हेही खरं. शेवटी २०१४ ते २०१६ मध्ये ते काम झालं. मी गेलो तेव्हा आत शिरल्याबरोबर माझी निराशा झाली होती, खोटं कशाला सांगू. वर नवी कमानदार छतं, साधी. भिंतींवर जुन्या रंगकामाचे तुकडे, जेवढे उरलेत तेवढेच. निम्मा पुतळा आहे, निम्मा नाही. कोरीव पट्टी चालत चालत येते आणि मध्येच संपते, पुढे कोरी वीट. मी मनात म्हटलं, एवढा खर्च केला आणि हे अर्धवट ठेवलं? अर्धा तास एका बाकावर बसलो. हळूहळू कळायला लागलं की मला सगळं वाचता येतंय. हे चौदाव्या शतकातलं, हे श्टाइनब्रेश्टचं, हा १९४५चा गोळा, ही आपल्या काळातली वीट. कुणी मला फसवत नव्हतं.

बाहेर, पूर्वेच्या भिंतीतल्या कोनाड्यात मेरीची सुमारे आठ मीटर उंच मूर्ती आहे, सगळी रंगीत काचांच्या तुकड्यांनी मढवलेली. तीही १९४५मध्ये उद्ध्वस्त झाली होती. जुने फोटो आणि मिळालेले तुकडे यांच्या आधाराने २०१६मध्ये ती पूर्ण नव्याने उभी केली. उन्हात झळकते, गावकरी खूश आहेत. आत जखमा उघड्या ठेवायच्या आणि बाहेर मूर्ती अख्खी करायची, हे एकाच तत्त्वात कसं बसतं? माझं मत अजून ठरत नाही. मूर्ती पुजली जाते, भिंत पुजली जात नाही, असं काहीसं असेल. आपल्या गडांवरच्या देवळांचं काम काढाल तेव्हा हा प्रश्न तुमच्याही पुढे येईल, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना बाजूला ठेवून तो सुटणार नाही.

मंडळांनो, तुमच्या घामाबद्दल मला शंका नाही. मी स्वतः चार पोती वाहिलीत. माझं मागणं एवढंच आहे की भिंतीला हात लावण्याआधी तिचे फोटो काढा. सरळ समोरून, माणूस मध्ये न घेता, मोजपट्टी शेजारी ठेवून. प्रत्येक दगड जसा पडलाय तसा नोंदा, मगच उचला, त्यावर पुसून जाईल अशा खडूने आकडा घाला. पडलेला दगड म्हणजे राडारोडा नव्हे, तो कुठे पडलाय यावरून तो कुठे होता हे कळतं. पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी आणि त्यांचा माणूस सोबत असल्याशिवाय दरजा भरू नका, झाडंझुडपं काढण्यापुरतं थांबा. कागद यायला दोन वर्षं लागतील, चिडचिड होईल, तरी थांबा. आणि दरजा भरायच्याच झाल्या तर चुन्याने. चुना मळायला वेळ लागतो, हात सोलतात, जाणता गवंडी शोधावा लागतो. पण चुना पाण्याला वाट देतो, आणि उद्या कुणाला तो काढावासा वाटला तर दगडाला धक्का न लावता निघतो. सिमेंट काढायला छिन्नी लागते.

नवा दगड बसवला तर तो नवा आहे हे चार हातांवरून कळू द्या. मागच्या अंगावर साल कोरा. काळं ऑइल फासून जुना दिसेल असा करू नका, हे मी पाहिलंय म्हणून सांगतोय. ज्या बुरुजाचा वरचा थर कसा होता हे कुणालाच ठाऊक नाही, तो तसाच बोडका राहू द्या. सिनेमातल्यासारख्या चऱ्या, म्हणजे दातेरी कठडे, त्याच्यावर बसवल्या तर पुढच्या पिढीतली पोरं त्याच खऱ्या समजून रेखाटतील.

आणि एक वही ठेवा. कोणत्या तारखेला, कोणत्या बाजूला, किती पाट्या चुना, कुठून आणलेली वाळू, कुणाच्या हातचं काम. चुकलं असेल तर तेही लिहा. वहीच्या दोन प्रती करा, एक मंडळात, एक पायथ्याच्या शाळेत.

मी डिसेंबरात तीन आठवडे येतोय. आमच्या त्या पडलेल्या भिंतीचे दगड अजून उतारावर पडून आहेत, एका मित्राने परवा फोटो पाठवला. काहींना आमचं सिमेंट चिकटलेलंच आहे. परवानगीचा अर्ज केलाय. सध्या नुसतं मोजायचं आणि नोंदायचं काम आहे, उचलायचं काही नाही. ज्यांना यायचंय त्यांनी मोजपट्टी, खडू आणि जुनी चौकटीची वही आणावी. पोहे आणि चहा माझ्याकडे.

तुमचाच,
चार पोती सिमेंट वाहिलेला एक कोल्हापूरकर
ग्दान्स्क